आभाळ मागवणारे हिराजीशेठ

कामोठ्याच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा आम्हाला भिंतीवरची घड्याळं इतकी आली, की प्रत्येक खोलीत एक लावूनही माळ्यावर टाकायला उरली. त्या ढिगात एक चौकोनी फ्रेम निघाली. आत काळा कागद आणि त्यावर पांढरे ठिपके, काही बारीक, काही जरा ठसठशीत. खाली कोपऱ्यात छापलं होतं, 'आपल्या घरावरचं आकाश, मुहूर्ताच्या वेळी.' सासूबाईंनी चष्मा पुसून ती फ्रेम जवळ धरली, लांब धरली आणि छपाई बिघडली आहे का, असं विचारलं. देणारे गृहस्थ तेव्हा पंगतीत बसून पुन्हा एकदा मठ्ठा मागत होते.

ते हिराजीशेठ भोईर. आता ते नाहीत. ते गेल्याची बातमी मला सांगलीला, लेकीच्या घरी, फार उशिरा कळली आणि मग पुढचे काही दिवस मी घरात सगळ्यांवर विनाकारण चिडत होते. माणूस गेल्याचं वेळेवर तरी कळावं.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, टायपिंग आणि आत लाकडी खोपटी करून ठेवलेले इंटरनेटचे चार कॉम्प्युटर. मी जवळच्याच शाळेत शिकवत होते आणि प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला त्यांच्याकडे जायचे. गळ्यात जाड साखळी, शर्टाचं वरचं बटण उघडं, बोलणं ऐसपैस. गावाकडे जमीन असलेल्या माणसाला आमच्याकडे सगळे शेठ म्हणतात, तसे तेही शेठ. दुकान चाललं काय न चाललं काय, त्यांच्या जेवणाला धक्का नव्हता. म्हणूनच ते गिऱ्हाईकाला 'थांब जरा' असं निवांत म्हणू शकत.

फोटोच्या धंद्यात त्यांच्याइतका खोटारडा माणूस मी पाहिला नाही. मुलगी सावळी असली की स्थळासाठीच्या फोटोत गोरी व्हायची. ज्याच्याकडे कोट नाही त्याला कॉम्प्युटरवर कोट चढायचा, तोही नेहमी तोच निळा. आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांचे आणि एका शिपायाचे ओळखपत्रावरचे कोट एकच होते, टायसकट. आणि हाच माणूस आकाशाच्या चित्रातला एक ठिपका इकडचा तिकडे करायला तयार नसे.

त्याची सुरुवात सांगते. त्या काळात त्यांचा गावात शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू होता. शेजारी बळीराम पाटील, त्याचे टेम्पो जासईकडच्या कंटेनर यार्डात लागलेले. दोघांची घरं एका भिंतीला लागून आणि खाचरं एका बांधाला लागून. बांध कुणी सरकवला यावर दोघांचं बोलणं बंद होऊन मुलं शाळेत जाऊन कॉलेजातून बाहेर पडली होती. हिराजीशेठनी सरकारी मोजणीचा अर्ज केला होता आणि तालुक्याच्या ऑफिसात त्यांच्या चपला झिजत होत्या. कधी मोजणीवाला रजेवर, कधी खाचरात पाणी, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर. अशाच एका खेपेहून तापून ते दुकानात आले, तर कुणी गिऱ्हाईक एका कॉम्प्युटरवर एक पान उघडंच टाकून गेलेलं.

त्या पानावर नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींनी वर्षानुवर्षं सगळ्या आकाशाचे पट्ट्यापट्ट्यांनी फोटो काढून ठेवलेत, त्यालाही सर्व्हेच म्हणतात. तुम्ही आकाशातली जागा लिहायची, कुठल्या सर्व्हेतून हवी ते निवडायचं, तुकडा केवढा हवा ते सांगायचं. मग ती साइट तेवढा तुकडा कापून, सांधून, तुमच्यापुरतं चित्र बनवून देते. साध्या उजेडातलं मागा, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांमधलं मागा. सर्व्हे हा शब्द हिराजीशेठच्या रक्तात भिनलेला. त्यांनी अंदाजाने आकडे भरले, बटण दाबलं आणि समोर तारे आले.

मी प्रश्नपत्रिका न्यायला गेले तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत होते. मला म्हणाले, "बाई, हितं नाव नाय विचारलं, सातबारा नाय मागितला. कुठलं आभाल पायजे ते लिवा बोलतं. लिवलं, आन आलं. आन माज्या सोताच्या खाचराचा नकाशा मना मिलत नाय."

माझी प्रश्नपत्रिका अर्थातच झाली नव्हती.

त्या दिवसापासून ते 'आभाळ मागवू' लागले. हा त्यांचाच शब्द. जेवणाचा डबा मागवावा तसं आकाश मागवायचं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक सर त्यांच्याकडे झेरॉक्सला यायचे, त्यांना धरून बसवून त्यांनी सगळं शिकून घेतलं. आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढ्या अंशावरचे तारे बरोबर आपल्या डोक्यावरून जातात, हे त्यांना सरांनी सांगितलं. दिवस आणि वेळ सांगितली की त्या क्षणी नेमका कुठला तुकडा डोक्यावर होता ते काढता येतं, मग ती वेळ भर दुपारची का असेना. तारे असतातच, फक्त उन्हात दिसत नाहीत. हे कळल्यावर शेठना काय करू आणि काय नको असं झालं. ओळखीपाळखीत कुणाची वास्तुशांत असली की मुहूर्ताची वेळ विचारून घ्यायचे, घरावरचं आभाळ मागवायचे, छापून फ्रेम करून न्यायचे. पनवेल, कामोठे, खांदा कॉलनी, कुठल्याही घरी जा, देवघराच्या आसपास तो काळा चौकोन टांगलेला असायचा.

लोक त्यात फरमाइशी करायचे. एका बिल्डरने थोडे तारे वाढवून मागितले, हॉल मोठा आहे म्हणाला. शेठ म्हणाले की तारे वाढणार नाहीत, पाहिजे तर तुकडा मोठा मागवून देतो. कुणाला कोपऱ्यात चंद्र हवा होता, कुणाला गणपती. एका चित्रात मधून एक बारीक पांढरी रेघ गेलेली होती, जुना फोटो निघताना एखादा उपग्रह आडवा गेला असावा. घरमालकीण ती रेघ पुसून द्या म्हणून मागे लागली. नवऱ्याच्या फोटोवरचा व्रण यांनीच पुसला होता, तेव्हा तिचंही काही चुकलं नव्हतं. पण शेठ ढिम्म. "आलंय तसं ठेवायचं," एवढंच म्हणाले. हे त्यांचं वाक्य पुढे गल्लीत कशालाही वापरलं जाऊ लागलं, चहात साखर जास्त पडली तरी.

आणि अशा या माणसाने सगळी चित्रं उलटी छापली होती.

साइटवरच्या चित्रात उत्तर वर असते आणि पूर्व डावीकडे. शेठचा जन्म गेला जमिनीचे नकाशे बघण्यात, तिथे पूर्व उजवीकडे. त्यांनी ठरवून टाकलं की साइटवाल्यांची चूक आहे, परदेशातले लोक, त्यांना काय कळतंय. म्हणून फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्र आरशात पाहिल्यासारखं फिरवून मगच ते छापायचे. ठिपका हलवायचा नाही म्हणणाऱ्याने सगळं आकाशच हलवून ठेवलं होतं, तेही प्रामाणिकपणे, दुरुस्ती म्हणून.

सर एकदा एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेले आणि भिंतीवरची रोहिणी त्यांना चुकीच्या बाजूला दिसली. त्यांनी दुकानात येऊन सांगितलं तेव्हा शेठ असे भडकले की सरांची झेरॉक्सही दिली नाही. सर शांत माणूस. त्यांनी संध्याकाळी शेठना आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेलं आणि उताणं झोपायला सांगितलं, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. पूर्वेकडचा हात कुठला, विचारलं. तो डावा निघाला. जमीन आपण उभं राहून खाली बघतो, आकाश झोपून वर बघतो, एवढाच फरक. शेठ बराच वेळ तसेच पडून राहिले म्हणे. ही हकिगत सरांनीच मला सांगितली, पण हसले नाहीत.

पुढचे दोन-तीन महिने शेठ रिक्षात नव्या प्रती घेऊन घरोघर फिरत होते. एरवी कुणाची माफी न मागणारा माणूस दारात उभा राहून 'तुमचं आभाल उलटं दिलंय, बदलून देतो' असं सांगत होता. कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं, त्यामुळे लोक गोंधळायचे. उरणची एक कोळीण बाई तर फ्रेम देईचना. उलटं तर उलटं, इतकी वर्षं तेच बघून उठतोय आम्ही, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे आले तेव्हा सासूबाईंनी नवं चित्र न्याहाळून आधीचंच बरं होतं असा निकाल दिला. शेठ स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकून फ्रेम लावून गेले. मला त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा आवडला. तोपर्यंत मी त्यांना नुसती हसत होते.

त्यांचं गाव खाडीच्या अंगाला, विमानतळासाठी घेतलेल्या जमिनीत. गाव उठणार हे किती वर्षं चाललं होतं. ऐकून ऐकून लोकांनी ते मनावर घेणं सोडलं होतं. मग एकदम टेकडीला सुरुंग लागायला लागले आणि सगळ्यांना कळलं की आता खरंच. नव्या वसाहतीतल्या प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या. हिराजीशेठना कोपऱ्याचा प्लॉट लागला, मोठ्या रस्त्यावर. लोकांनी त्यांना दुकानात येऊन पेढे मागितले. खाली दुकान, वर घर, पुढे रस्ता. त्यांच्यासारख्या माणसाला याहून काय हवं. त्यांनी सह्या केल्या, गावातल्या इतरांना समजावलं, नव्या घराचा पाया घातला, भिंती उभ्या केल्या.

मंजुळावहिनी मात्र जायला तयार नव्हत्या.

वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. कमी बोलणाऱ्या, सुकट विकत घ्यायला गेलेल्या मला दोनदा चहा पाजून वर फुकट जवळा बांधून देणाऱ्या. त्यांनी भांडण केलं नाही, रडल्या नाहीत. फक्त सामान बांधायला घेतलं नाही. शेजारपाजारची घरं रिकामी व्हायला लागली, पत्रे उतरले, चौकटी निघाल्या, तरी वहिनी सकाळी उठून अंगण सारवत होत्या. वरून तारीख दिलेली, ती एकदा पुढे गेली, आता पुन्हा जाणार नव्हती. शेठ दुकानात बसून पहिल्यांदाच गिऱ्हाईकांशी कमी बोलत होते. बायकोला उचलून नेता येत नाही, असं एकदा माझ्याजवळ म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांच्या तोंडावर भीती होती. पोलीस येतील, यंत्रं येतील आणि ही बाई दारात उभी राहील, हे त्यांना दिसत होतं.

त्यांनी आपल्या परीने उपाय काढला. मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते, वहिनींनीच बोलावलं होतं, घर बघून जा म्हणाल्या होत्या. शेठनी दोन चित्रं आणली. एक जुन्या घरावरचं आभाळ, एक नव्या घरावरचं. दोन्हींत स्वाती. ती आमच्या पनवेलच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते आणि या गोष्टीचा शेठना स्वतः लावून दिल्यासारखा अभिमान होता. ती इतकी तेजस्वी, की फोटोत मावत नाही, मध्ये पांढरा गोळा आणि चार दिशांना चार रेघा. वहिनी त्याला फुटलेला बल्ब म्हणायच्या. शेठनी दोन्ही चित्रं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली.

"बग. यात काय फरक हाय?"

वहिनींनी खाली बसून नीट पाहिलं. नाही म्हणाल्या, काही फरक नाही.

"मंग? नवीन घरावर बी हाच तारा. काय बदलतं तुजं?"

वहिनींनी चित्रावरची धूळ पदराने पुसली. "वरचं सगलं तेच हाय," त्या म्हणाल्या. "पन बाजूला सुमन कुटं हाय?"

सुमन म्हणजे बळीराम पाटलाची बायको. इकडे पुरुषांचा अबोला चालू असताना मधल्या भिंतीवरून या दोघींची कालवणाची वाटी रोज इकडून तिकडे जात होती. एकीच्या बाळंतपणात दुसरीने स्वयंपाक केलेला. बळीरामला प्लॉट लागला होता वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला, आतल्या गल्लीत. वहिनींना घर सोडायचं दुःख होतंच, पण त्या अडल्या होत्या त्या तिथे. इतक्या वर्षांत शेठच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण भिंतीपलीकडे काय चालतं तिकडे बघायचंच नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. ते चित्रं उचलून बाहेर गेले आणि मला माझा चहा संपवणं अवघड झालं.

पुढचं मला वहिनींनी नंतर सांगितलं. संमती असली तर लोक आपसात प्लॉट बदलून घेत होते. बळीरामच्या लगतचा प्लॉट ज्याला लागला होता, त्याला कोपरा मिळतोय म्हटल्यावर तो एका पायावर तयार झाला. नव्या घराच्या उभ्या भिंती त्याच्या झाल्या, त्याने गल्लीत बांधलेलं शेठचं झालं, वरचा हिशेब काय तो त्यांनी आपसात केला. या सगळ्यात बळीरामला विचारायची काही गरज नव्हती. पण शेठ विचारायला गेले. इतक्या वर्षांनी त्याच्या ओट्यापाशी उभे राहिले. आत या असं कुणी म्हटलं नाही आणि ते चढलेही नाहीत.

"तुज्या बाजूला राहायला येऊ काय?" त्यांनी विचारलं.

बळीराम टेम्पोचा टायर बघत होता. वर न बघता म्हणाला, "बांध सरकवनार नाय ना?"

"बांध हायच कुटं आता," शेठ म्हणाले.

बळीराम तेव्हा उभा राहिला. सुमनने आतून सगळं ऐकलं होतं. ती मागच्या दाराने धावत वहिनींकडे गेली आणि त्या दुपारी भोईरांच्या घरात पहिलं बोचकं बांधलं गेलं.

गावातल्या लोकांनी शेठना वेड्यात काढलं. मीही दुकानात जाऊन थोडं बोललेच, की रस्त्यावरचा कोपरा सोडून गल्लीत कोण जातं, तुमच्या तिथल्या नव्या दुकानाचं काय होईल. ते कुणाच्या तरी फोटोला निळा कोट चढवत होते. हात न थांबवता म्हणाले, "कोपऱ्यावर मी एकटाच शेठ झालो असतो, बाई." मग त्यांनी मला माझी प्रश्नपत्रिका दिली. ती वेळेवर तयार होती, असं आमच्या ओळखीत क्वचितच घडलं.

त्यांच्या निघण्याच्या दिवशी मी शाळेला रजा टाकून गेले. गाव जवळजवळ सपाट झालेलं. धूळ, उघड्या भिंती, कुठे कुणाच्या स्वयंपाकघराची निळी टाइल अजून तशीच. भोईर आणि पाटील ही त्या आळीतली शेवटची दोन घरं. टेम्पो बळीरामचाच होता, दुसरा त्या दिवशी मिळालाच नसता. सामान दोन्ही घरांचं एकत्रच भरलं गेलं, भांडी कुणाची आणि गाद्या कुणाच्या हे नंतर बघू म्हणून. वहिनींनी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, माझ्या हातावर साखर ठेवली आणि मागे न बघता टेम्पोकडे गेल्या. सुमन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, तिने सरकून जागा केली. वहिनी चढल्या आणि बसल्या बसल्या दोघींचं बोलणं सुरू झालं, पाण्याच्या कळशीचं झाकण कुणाकडे आहे याबद्दल.

मागे सगळ्यात शेवटी वहिनींचं आरशाचं कपाट चढवलं. ते आडवं ठेवता येईना, बांधायला दोरी उरली नव्हती. रस्ता खणलेला, आरसा फुटणार हे उघड होतं. मग एका बाजूला हिराजीशेठ उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूला बळीराम, दोघांनी दोन्ही हातांनी कपाट धरलं. टेम्पो हलला. मी धुळीतून हात हलवला, पण शेठना हात मोकळा नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली. लवकरच मी सांगलीला लेकीकडे राहायला गेले आणि माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

टेम्पो वळेपर्यंत मी बघत होते. प्रत्येक खड्ड्याला बळीराम काहीतरी सांगायचा, बहुधा 'धर नीट', आणि शेठ धरायचे. एरवी ते एकमेकांशी अजून बोलत नव्हते. भर दुपारच्या त्या पांढऱ्या, रिकाम्या आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी दोघंही मान वर करून तिकडेच बघत उभे होते. खाली बघितलं असतं, तर एकमेकांकडे बघावं लागलं असतं.